साहेबांच्या जीपमधली इंग्रजी

"कम," साहेब म्हणाले. व्हरांड्यात लोळत पडलेला त्यांचा कुत्रा रॉकी उठला. पायरीशी बसलेला मीही उठलो.

चहाला आलेले पाहुणे हसायला लागले. "अहो, दोघंही आले की!" एक बाई म्हणाल्या. साहेबांना मजा वाटली. त्यांनी बोट खाली केलं. "सिट." कुत्रा बसला. मीही बसलो. मिसरूड फुटलेला गडी मी, कुत्र्याशेजारी फरशीवर बसलो. का बसलो? भ्यालो होतो म्हणून.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. बंगला सांगलीत. घरात सगळे मराठी बोलायचे, इंग्रजी फक्त कुत्र्याशी. कम, सिट, स्टे, नो. बागेला पाणी घालता घालता मी ते शब्द पाठ केले. वाटलं, चला, फुकटात शाळा मिळाली.

मी जतकडचा. आमचा मांगवाडा गावाबाहेर. पाण्याचा टँकरही आमच्याकडे सगळ्यात शेवटी यायचा. सातवीनंतर माझी शाळा सुटली. साहेबांनी आईला शब्द दिला होता, पोराला ड्रायव्हर करतो. आई गावभर सांगत सुटली, "माझं लेकरू डायवर व्हणार हाय." त्या लायसनसाठी मी बंगल्यावर पडेल ते काम करत होतो. ते हुकलं तर आईला काय तोंड दाखवू, ही धास्ती कायम पोटात.

सकाळी साहेब जीप शिकवायचे. क्लच, ब्रेक, गिअर, न्यूट्रल, रिव्हर्स. जीप पुसताना मी पुटपुटत राहायचो. रस्त्यावरच्या पाट्या अक्षर जुळवून वाचायचो. नो एंट्री. गिव्ह वे. ट्रकच्या मागं हॉर्न ओके प्लीज. त्यातलं प्लीज बंगल्यात मला कुणी कधी म्हटलं नाही. एकटा असलो की सगळे शब्द यायचे. साहेब शेजारी बसले की जीभ टाळ्याला चिकटायची. रॉकीला दटावायचे त्याच आवाजात ते "स्टॉप!" ओरडायचे. माझा पाय लटपटायचा, जीप आचका देऊन बंद पडायची. मग पाठीत गुद्दा.

आणि पोतं. मी बसायच्या आधी ड्रायव्हरच्या सीटवर पोतं अंथरायला लावायचे. "सीट खराब होते," म्हणायचे. मला वाटलं, कपडे मळके असतात म्हणून असेल. एकदा धुवून, इस्त्री करून घालून गेलो. तरी पोतं. मागच्या सीटवर रॉकी चिखलाच्या पायांनी ऐसपैस बसलेला, त्याला पोतं नाही. तेव्हा कळलं. कळूनही गप्प बसलो.

लायसनच्या ट्रायलच्या दिवशी मैदानावर बरीच पोरं रांगेत होती. माझं नाव पुकारलं. साहेबांनी जीपमधून पोतं काढून माझ्या अंगावर फेकलं. "टाक."

सगळी रांग बघत होती. कान तापले. पोतं टाकलं की लायसन माझं, एवढाच मामला होता. आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मग वाटलं, उद्या आईला या जीपमध्ये बसवलं, तर हा माणूस तिच्याखालीही पोतंच टाकायला लावेल. माझ्याच हातानं.

मी पोतं जमिनीवर ठेवलं.

"साहेब, मी ह्याच्यावर बसनार न्हाई."

"काय म्हणालास?"

"न्हाई बसनार."

"मग ट्रायल विसर. जीप माझी आहे."

"व्हय. जीप तुमचीच हाय."

शूरबिर काही नव्हतो. आता पाठीत बसणार, म्हणून खांदे आपोआप वर आले होते. तसाच मैदानाबाहेर चालत गेलो. कुणी हाक मारली नाही.

एसटीनं गावी आलो. आईला सगळं सांगितलं. ती रडली. "येवडं सोसलंस, आजूक जरा सोसायचं हुतंस," म्हणाली. तिच्यावर राग आला. मग राग गेला, कारण तीही भ्यालेली होती, माझ्यासारखीच. जन्मभर.

"आई," मी म्हणालो, "लायसन मी काडनार. ट्रकवर क्लीनर व्हईन, पन काडनार. पन ज्याला माझी शिवाशिव वाटती, त्याची गाडी ह्या हातानं चालवायची न्हाई. उपाशी मेलो तरी न्हाई."

भीती अजून पोटात होती. ती तशीच घेऊन सकाळी ट्रक थांबायचे तिथं काम मागायला गेलो.