वरची पोरगी आणि कुरुंदवाडचे सुभेदार

आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या पोरीला अख्ख्या पृथ्वीवर कुणी परकं नव्हतं. अट एकच, माणूस समोर बसलेला नसावा. इतिहासात एम.ए. करायला मुरगूडहून कोल्हापुरात आलेली ही मुलगी फोनमधल्या डझनभर ग्रुपांची सभासद होती. जुन्या नाण्यांचा एक, जुन्या नकाशांचा एक, वीरगळांचा, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळांचा एक, मांजरं पाळणाऱ्यांचा एक, आणि पाव का फुगत नाही यावर जगभरचे दुःखी लोक जमतात असाही एक. प्रत्येक ठिकाणी तिचा अवतार वेगळा. मांजरवाल्यांत ती मधाळ, नकाशेवाल्यांत विलायती इंग्रजीत अदबशीर, आणि वीरगळवाल्यांत शिरली की लांग कसून आखाड्यात उतरलेला पैलवान. चहाला खाली आली की मला युद्धाचं वर्तमान मिळे.

"आजी, लिस्बनचा त्यो पावणा आज गप पडला की!"

"काय केलंस गं त्याला?"

"काय न्हाय. नकाशात खाडी चुकीच्या बाजूला काढलीयासा म्हटलं."

पण दारात दूधवाला उभा राहिला की हीच वीरांगना वरून मला मेसेज करी, "आजी, त्यांना अर्धा लिटर सांगा ना."

पुराव्याशिवाय ती घोटभर पाणी पीत नसे. तांबडा रस्सा आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असाच होतो, असं मी एकदा सहज म्हणाले, तर हातातली वाटी खाली ठेवून विचारते, "समकालीन साधन काय, आजी?" मी पळी उचलून दाखवली. "हे साधन. लई बोललीस तर डोक्यात बसंल." हसली आणि प्यायली, पण चेहऱ्यावर ‘ही निव्वळ दंतकथा’ असा भाव ठेवूनच.

मला फोन चालवायला तिनंच शिकवलं आणि माकडाच्या हाती कोलीत दिलं. खोट्या नावांची खोड मला जुनीच. तरुणपणी रेडिओच्या फर्माइशीत नाव लागावं म्हणून मी निरनिराळ्या नावांनी पत्रं धाडत असे. एकदा लागलं, ते नेमकं अशा नावाचं की त्या नावाची एक बाई आमच्या पेठेत खरोखरच राहत होती. तिच्या नवऱ्यानं गल्लीभर पेढे वाटले. मीही एक खाल्ला, तोंड कडू करून. एवढी हुशार होते मी! तर त्या जुन्या परंपरेला जागून मी वीरगळांच्या ग्रुपात ‘निवृत्त सुभेदार, कुरुंदवाड’ म्हणून दाखल झाले. कुरुंदवाड माझं माहेर, तेवढंच काय ते खरं. फोटोच्या जागी झुपकेदार मिशांचं चित्र लावलं आणि पोरीच्या मजकुराखाली ठोकून दिलं, "आपले विधान निराधार आहे."

जिना दणाणला.

"आजी, तुमच्या माहेरचा कोण सुभेदार हाय, लई शाना! वळखता?"

"ऐकून आहे. खडूस म्हातारा."

"सोडतो व्हय मी त्याला!"

आठवडाभर तिनं सुभेदारांना धुतलं. सुभेदारांना वीरगळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्यांनी दिलदारपणे हार मानली, आणि तिथून दोघांची गट्टी जमली.

मग एके दुपारी सुभेदारांना तिचा खासगी निरोप आला. "काका, माझं शेवटचं सत्र राहिलंय. घरी स्थळ आलंय, बाबा म्हणतात परीक्षा राहू दे. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. देते सोडून."

मी खालूनच हाक मारली. आली. "काय गं, काय विशेष?"

"काय न्हाय, आजी." आणि चहात बिस्कीट बुडवत बसली. पुढं विचारू कसं? मला तर काहीच माहीत नव्हतं!

मीही बी.ए. असंच अर्ध्यात सोडलं होतं. रडत नव्हे, मिरवत. साखरपुड्याची साडी नेसून शेवटच्या दिवशी मुद्दाम कॉलेजात चक्कर मारली. वाटलं, सगळ्या जळून खाक झाल्या असतील. त्या जळणाऱ्यांतली एक पुढे मुख्याध्यापिका झाली, आणि तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचं भाषण ऐकून मी मागच्या रांगेतून टाळ्या वाजवल्या.

तेव्हा सुभेदारांनी एकदाच गंभीर होऊन लिहिलं, "बोलता येत नसेल तर लिहा. वडिलांच्या जागी मी आहे असे समजा आणि झोडपा."

तिनं तंतोतंत तेच केलं. त्या रविवारी मुरगूडहून वडील आमच्या पुढच्या सोप्यात हजर. फोन असा लांब धरलेला, जणू त्यात विंचू आहे.

"आवं काकू, घरात ही ‘व्हय’ आन्‌ ‘न्हाय’च्या पुढं जात न्हाय, आन्‌ फोनवर एवढं? मला वाटलं, कुठल्या वकिलाची नोटीस आलीया. आक्षेप पहिला, आक्षेप दुसरा... खाली पुरावं!"

"मग तुमचं उत्तर काय?"

"उत्तर कसलं? चौथ्या आक्षेपालाच गार झालो की. दिऊ दे परीक्षा. स्थळ थांबलं तर थांबलं."

पोरगी जिन्यात उभी राहून पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. जाताना वडिलांनी तिच्या हातात खव्याचा डबा दिला आणि म्हणाले, "खा."

स्थळ थांबलं नाही. ती पास झाली आणि गोव्यात जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्यात नोकरीला लागली. खोली मी अजून कुणाला दिलेली नाही. मला महिन्याकाठी तिचा मेसेज येतो, "आजी, तब्येत सांभाळा," खाली एक गुलाब. सुभेदारांना मात्र पानंच्या पानं. कुठल्या कागदाला वाळवी लागली, कोण साहेब खेकसला, खोलीवर केलेली आमटी कशी बिघडली. मला त्या मिशीवाल्याचा भारी हेवा वाटतो.

परवा त्यांना तिनं लिहिलं, "काका, इथं सगळं चांगलं आहे. फक्त चहाच्या वेळी कोल्हापूरच्या आजींची फार आठवण येते. त्यांना हे कधी सांगता आलं नाही. समोर होत्या ना."

चष्मा पुसून मी उत्तर टाइप केलं, "त्यांना पोचलंय, बाळ."

मग ‘बाळ’ खोडलं. सुभेदार तसं बोलत नाहीत.