उत्तरेकडची उशी

किशोरीनं आयुष्यभर माणसं उचलली. आधी अंथरुणाला खिळलेल्या सासूला, मग अलिबागेतल्या एका दवाखान्यात, आणि आता नागावच्या वाडीतल्या या वृद्धाश्रमात. माणूस उचलायला ताकद लागते असं लोक समजतात. ताकद लागतेच, पण पलीकडच्या बाजूला दुसरा माणूस लागतो. एकटीनं ओढलं की म्हाताऱ्याची कातडी सोलवटते आणि ओढणारीची कंबर जाते. वरच्या मजल्यावर किशोरी एकटीच होती.

पूर्वी इथं पर्यटक उतरायचे. मालक विनेशनं खोल्यांमधल्या भिंती पाडून बायकांसाठी लांब दालन केलं, उत्तरेच्या भिंतीत मदतीला हाक मारायच्या बेल ओळीनं बसवल्या आणि पलंगांच्या उशा त्या भिंतीला लावल्या. म्हणजे निजणारीचे पाय दक्षिणेला. मेलेल्या माणसाला ठेवतात तसे. शेतात, मिठागरात जन्म काढलेल्या या बायका. तशा कशा झोपतील? दुपारची सामसूम झाली की धडपडत उठायच्या आणि उशी पायथ्याला नेऊन उलट्या निजायच्या. मग बेल पायांकडे राहायची.

रंगूआजी त्यातच गेली. उलटी निजली होती, उतरताना पडली, बेलपर्यंत हात पोचला नाही. किशोरी त्या वेळी न्हाणीत दुसऱ्या आजीच्या अंगावर पाणी घालत होती.

तेव्हापासून तिनं विनेशचा पिच्छा पुरवला. "पलंग फिरवा शेठ, आणि मला जोडीला बाई द्या."

"बेल भिंतीत आहे, किशोरीताई. भिंत फिरवू का?"

"भिंत राहू द्या जागेवर. वायर लांब करा."

विनेश हसायचा आणि मोबाईल कानाला लावायचा.

रंगूआजीच्या शेजारी ठमीआजीचा पलंग. तिचं अर्धं अंग लुळं. कूससुद्धा दुसऱ्यानं बदलून द्यावी लागे. रंगूआजीचं दहावं झालं, त्यानंतरच्या एका दुपारी किशोरी खाली ताटं ठेवून आली, तर ठमीआजी उलटी निजलेली. डोकं दक्षिणेला. चादरीला एक सुरकुती नाही.

किशोरीनं चादरीवरून हात फिरवला. हे काम एकीचं नव्हतं. दोघी सरावलेल्या असतील तरच असं होतं.

"आजी, कुणी फिरवलं तुम्हाला?"

"रंगूनी."

"रंगूआजी गेली, आजी."

"गेली व्हय. पन मना अशी ठेवून कशी जाल ती? तू आलीस का? न्हाय ना आलीस?"

बेल हाताशी हवी म्हणून किशोरीनं तिला पुन्हा सरळ केलं. पुढं हे रोजचं झालं. आणि एक गोष्ट ती कुणाला सांगत नव्हती. ती चादरीची आपली कड धरायची, तेव्हा पलीकडची कडही उचलली जायची. हलकेच, बरोबर वेळेवर. तिची कंबर दुखायची थांबली. त्याचीच तिला भीती वाटू लागली.

रविवारी घरची माणसं भेटायला आली, तेव्हा किशोरीनं सगळ्यांना दालनात उभं केलं आणि आपलं म्हणणं मांडलं. ठमीआजीचा मुलगा हिरामण, ट्रेलरचा धंदा करणारा, म्हणाला, "आता कोण मानतंय हे ताई? आये जुनी हाय, तुम्ही तर शिकलेल्या."

"मग तुम्ही निजा, दादा. उशी उत्तरेलाच आहे. घटकाभर."

लोक हसले. हिरामणनं चपला काढल्या, रंगूआजीच्या रिकाम्या पलंगावर बसला. एक पाय वर घेतला. दुसरा घेतला नाही. बायको ओरडली, "उठा आधी तिथून!"

किशोरीनं बाकीच्यांकडे पाहिलं. कुणी पुढं आलं नाही. मग सगळे जिना उतरले आणि त्यांनी विनेशच्या टेबलाला गराडा घातला.

पलंग फिरले. वायरी लांबल्या. बाई मात्र आली नाही.

"आता उलटं निजणं थांबलं ना?" विनेश वर येऊन म्हणाला. "मग दुसरी कशाला? ठमीआजीला इतके दिवस एकट्याच तर कुशीवर वळवता."

"एकटी नाही वळवत. रंगूआजी धरते पलीकडून."

विनेशनं मोबाईल खिशात टाकला.

"जिवंतपणी पोरांचं केलं तिनं, सुनांचं केलं. मेल्यावरही तिलाच राबवायचं, हे मला पटत नाही, शेठ. आजपासून मी एकटी हात लावणार नाही."

"नाटकं पुरे," विनेशनं बाह्या वर सारल्या. "धरा. मी आहे इकडून."

किशोरीनं आपली कड धरली. विनेश वाकला. त्याचे हात अजून चादरीला लागले नव्हते, आणि त्याच्या बाजूची कड उचलली गेली. ताठ, सारखी. ठमीआजी अलगद कुशीवर झाली. विनेश पलंगाला चिकटून उभा होता. मध्ये आणखी कुणी मावेल एवढी जागाच नव्हती. त्याचे हात तसेच हवेत राहिले.

त्याच आठवड्यात पूनम कामाला आली. किशोरीनं तिला शिकवलं: गुडघा पलंगाला टेकव, कड मुठीत गुंडाळ, माझ्याबरोबर श्वास घे. दोघींनी उचललं. ठमीआजी जड बाई. पूनमच्या कपाळावर घाम आला.

ठमीआजी पूनमच्या खांद्यावरून मागं बघत होती. "जा गो आता," ती म्हणाली. "बस झाला."

पूनमनं वळून पाहिलं. "कुणाला सांगताय, आजी?"

"चादर ताण," किशोरी म्हणाली.