दोन सेकंद उशिरा

तमाम भिवंडीकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, यंत्रमागांची क्रांती दोन सेकंद उशिरा पोचल्याने रद्द झाली आहे. त्या दोन सेकंदांचा जनक मी.

नोकरी सोडून दोन वर्षं मी एक डबी बनवत होतो. उभा धागा तुटला की तिने तत्क्षणी लूम थांबवायचा. जवळच्या कोन गावातल्या शेठचे चोवीस लूम. ते म्हणाले होते, "एक दिस नीट चालव, मंग सगल्यांना लावू. न्हाय चालली तर उचल आन् घरी ने."

मला नाटकाची हौस. पंचवीस वर्षं तिथे विणणाऱ्या चाचांना मी लूमपासून चार पावलं दूर, हात पाठीमागे बांधून उभं केलं. म्हटलं, "चाचा, आज आपकी छुट्टी."

तीन तास एकही धागा तुटला नाही. मी खुशीत शिट्टी वाजवत होतो. घात तिथेच झाला.

डबीतल्या संगणकाचा कर्नल, म्हणजे सगळे प्रोग्राम चालवणारी मूळ प्रणाली, हा काटकसरी कारभारी. मेमरी कमी पडली की प्रोग्रामचा बराच वेळ न वापरलेला भाग तो बाहेर काढतो. लागला तर साठवणीच्या कार्डावरून परत आणतो. एरवी कुणाला कळतही नाही. पण ज्या कामाला क्षणाचीही सवलत नसते, त्याचा प्रत्येक भाग आधीच मेमरीत आणून कुलूपबंद करायचा असतो. मी धागे पाहणारा भाग कुलूपबंद केला. लूम थांबवणारा केला नाही. क्वचित लागणाऱ्या गोष्टीने जागा का अडवावी, हे माझं शहाणपण. घरी चाचणीत मी दर मिनिटाला धागा तोडायचो, म्हणून तो भाग सदैव हजर असायचा.

धागा तुटला. डबीने तो लगेच पाहिला. मग कर्नल तीन तासांत बाहेर काढलेला, लूम थांबवणारा भाग आणायला कार्डाकडे गेला. कार्ड माझ्याच नोंदी लिहिण्यात गुंतलेलं. त्यात दोन सेकंद गेले. तोवर तुटका धागा शेजाऱ्यांत अडकला, आडवा धागा नेणारा धोटा मधेच फसला, आणि हातभर रुंदीचे उभे धागे तटातट गेले. त्यानंतर लूम थांबला. अगदी शिस्तीत.

शेठनी डबीची वायर स्वतः काढली आणि डबी माझ्या हातात ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. दोन वर्षं तळहातावर मावत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "चाचा, आपने क्यों नहीं रोका?"

चाचांचे हात अजून पाठीमागेच होते.

"हमारा हाथ तो दिन भर हैंडल पर ही रहता है, भैया. आज आपने हटवा दिया."