रंग उडेल म्हणून

नव्वदच्या दशकात आमचं युनिट कच्छमध्ये होतं. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. युनिटच्या सगळ्या गाड्यांची तब्येत माझ्याकडे. गाव लोणी, तालुका आंबेगाव.

आता पंधरा ऑगस्टला शाळेत मला झेंडावंदनाला बोलावतात. मी पोरांना रणातली थंडी सांगतो, उंट सांगतो, नजर पोचेल तिथवर पांढरी जमीन सांगतो. टाळ्या होतात. जे सांगायला हवं ते सोडून बाकी सगळं सांगून झालं. राहिलेलं इथं लिहितो.

त्या वर्षी युनिटला काही नव्या हलक्या गाड्या मिळाल्या. त्यांची चाकं ॲल्युमिनियमची होती. वजनाला हलकी, दिसायला देखणी. पण रणातली जमीन म्हणजे मीठ. वर खारी पापडी, खाली चिखल. तो चिखल चाकात जाऊन बसायचा. ॲल्युमिनियम लोखंडासारखं तांबडं पडत नाही. वरच्या लॅकरच्या पातळ थराखाली फोड येतात. फोड फुटला की पांढरी भुकटी निघते, आणि भुकटी झटकली की खाली धातूला खड्डे दिसतात. चाक ज्यावर बसतं त्या मधल्या लोखंडी हबला ते जिथं टेकतं, तिथं हे सगळ्यात जास्त. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, असा तो प्रकार.

बबन याला खरूज म्हणायचा. "भाऊ, माझ्या चार नंबरला लई खरूज झालीया. काय मलम असंल तर लावा."

बबन म्हणजे चार नंबर गाडीचा ड्रायव्हर. सिपाही, गाव बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर. घरापासून इतक्या लांब शेजारच्या तालुक्याचा माणूस भेटला की तो घरचाच होतो. ड्यूटीवर तो मला हवालदार साहेब म्हणायचा, जेवणाच्या लंगरात भाऊ. माझ्या मगातला अर्धा चहा स्वतःच्या मगात ओतून घ्यायचा आणि वर म्हणायचा, आंबेगावकर आपणहून कधी देत नाही, म्हणून घ्यावा लागतो. त्याच्या घरी बैल होते आणि गाडीही तो बैल हाकावेत तशी चालवायचा. घाई कधी नाही. बाकीचे ड्रायव्हर त्याला 'बैलगाडी' म्हणून चिडवायचे. तो चिडायचा नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

खरजेवर इलाज होता. ड्रायव्हरांच्या क्लासमध्ये तो मीच शिकवायचो. चाक उतरवा. गोड्या पाण्यानं मीठ धुऊन काढा. लोखंडी तारेचा ब्रश लावू नका, लोखंडाचे कण रुततात आणि तिथूनच पुन्हा सुरू होतं. नायलॉनचा ब्रश घ्या, मग बारीक पॉलिश पेपर. वाळवा. पातळ प्रायमर, त्यावर पातळ रंग. मात्र चाकाची जी बाजू हबवर बसते ती, आणि नट जिथं टेकतात त्या खोबणी, चिकटपट्टीनं झाकून घ्या. तिथं रंग लागता कामा नये. रंग मऊ असतो. नट कसताना घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण गाडी चालली की मधला रंग चिरडतो, आणि जेवढा रंग गेला तेवढा नट ढिला पडतो. शेवटचा नियम, चाक उतरवून पुन्हा चढवलं असेल तर पन्नासेक किलोमीटरवर थांबायचं आणि नट परत कसायचे. हे सगळं मी फळ्यावर चित्र काढून सांगायचो.

फौजेत एक जुनं बोलणं आहे. जे हलतं त्याला सलाम ठोका, जे हलत नाही त्याला चुना फासा. बाहेरच्यांना गंमत वाटते. इन्स्पेक्शन तोंडावर आलं की गंमत राहत नाही. झाडांचे बुंधे रंगतात, दगड रंगतात, वाळूच्या बादल्या रंगतात. त्या हिवाळ्यात जनरल साहेबांचं इन्स्पेक्शन होतं. गाड्या घेऊन वरच्या मुख्यालयाच्या मैदानावर जायचं होतं. ॲडजुटंट साहेब गॅरेजमध्ये आले, चाकांकडे बघून म्हणाले, "हवालदार, पहिये शीशे जैसे चाहिए."

मी म्हणालो, "हो जाएगा, साहब."

गोडं पाणी टँकरनं यायचं आणि ते प्यायलाच पुरत नव्हतं. स्टोअरमध्ये चिकटपट्टी नव्हती. दिवस थोडे होते. ही कारणं खोटी नाहीत. पण मी मागितलं असतं तर एक टँकर मिळाला असता, आणि चिकटपट्टी नसेल तर जुन्या वर्तमानपत्रानंही भागतं. मला नायब सुभेदारीची बढती दिसत होती. साहेबांना 'होणार नाही' असं मला म्हणायचं नव्हतं. चाकं उतरवून ओळीनं मांडली, वरवर घासली, आणि कॉम्प्रेसर लावून पुढून मागून सरसकट रंग मारला. हबची बाजू, खोबणी, काही सोडलं नाही. दोन हात, जाड. वरून वाळला होता, आतून ओला होता. तशीच चढवली. प्रत्येक नटावर लाल ठिपका दिला. ॲडजुटंट साहेबांनी एका चाकावरून बोट फिरवलं आणि शाबाश म्हणाले.

गाड्यांची हत्यारं, म्हणजे पाने, जॅक, तीही रंगवली होती. ती मैदानावर ताडपत्रीवर ओळीनं मांडून दाखवायची असतात. ओरखडा पडू नये म्हणून सगळ्या गाड्यांचे पाने काढून मी एका पेटीत भरले आणि पेटी माझ्या रिकव्हरी गाडीत ठेवली. रिकव्हरी गाडी म्हणजे बंद पडलेल्याला ओढून आणणारी. ती कॉन्व्हॉयच्या, गाड्यांच्या ताफ्याच्या, शेवटी असते. म्हणजे त्या सकाळी कुठल्याच ड्रायव्हरकडे स्वतःचा पाना नव्हता.

उजाडता निघालो. बबनच्या सहचालकाला ताप होता, त्याला मागच्या ट्रकमध्ये झोपवलं. बबन एकटा होता. पहिल्या हॉल्टला चहा झाला आणि तो माझ्याकडे आला.

"हवालदार साहेब, पाना द्या. नट बगतो."

"पोचल्यावर बघ."

"पन्नास झालं की. तुमीच शिकवलंय."

पेटी माझ्या पायाशी होती. वर ताडपत्री, दोरी बांधलेली. दोरी सोडायला काही वेळ लागला नसता. पण पाना लागला की लाल ठिपके उडणार, नटांचे कोपरे उघडे पडणार, आणि मैदानावर चार नंबरची चाकं बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसणार.

मी म्हणालो, "बबन, रंग उडेल."

तो हसला. "जनरल सायेब खाली बसून नट मोजनार व्हय?"

"जा. गाडीत बस."

तो गेला. हुकूम होता.

पुढं वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला. सेटवर आम्ही हिंदीच बोलायचो, आणि शेवटची गाडी म्हणून माझं नाव 'टेल'.

"टेल, टेल. मैं चार. आगे लेफ्ट पहिये से आवाज है. रुकूँ? ओवर."

"चार, मैं टेल. हॉल्ट नजदीक है. चलते रहो. ओवर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "चार. चलता हूँ. आउट."

कॉन्व्हॉय कमांडरनंही हे ऐकलं असणार. त्यांनी नंतर विषय काढला नाही. हे मी दोष वाटून घ्यायला लिहीत नाही. विचारलं मला होतं, उत्तर मी दिलं.

रस्ता उंच भरावावरून जात होता. मी पोचलो तेव्हा चार नंबर भरावाखाली उलटी पडली होती. बबन गाडीखाली अडकला होता. आम्ही गाडी उचलली तोवर तो गेलेला होता.

डावं पुढचं चाक बरंच अलीकडे रस्त्याकडेला पडलं होतं, नव्या रंगाचं, चकचकीत. मी ते उचलून बघितलं. नटांची भोकं लांबट झाली होती. आपटून भोक फाटतं, लांबट होत नाही. ढिल्या नटावर चाक डुगडुगत राहिलं की ते असं झिजतं. खोबणीत रंगाचा चुरा होता. दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. मी चाक पालथं ठेवलं आणि ट्रकमध्ये चढवायला सांगितलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला दोनच प्रश्न आठवतात.

"नट टाइट थे?"

"टाइट थे, साहब."

"स्पीड?"

"ज्यादा लग रही थी, साहब."

त्याची गाडी मी शेवटून बघत होतो, म्हणून माझा शब्द धरला गेला. चूक ड्रायव्हरची ठरली. इन्स्पेक्शन थोडं पुढं ढकललं होतं, ते झालं. चाकांचं कौतुक झालं. पुढं मला नायब सुभेदारीही मिळाली.

एकाच भागातले म्हणून बबनला घरी पोचवायला मलाच पाठवलं. बोरीत सगळं उरकल्यावर त्याच्या वडिलांनी, सखाराम तात्यांनी, मला गोठ्याकडे नेलं.

"पावणं, खरं सांगा. पोराचं चुकलं का?"

मी म्हणालो, "तात्या, वेग जास्त होता."

त्यांनी मान हलवली. बैलाच्या पाठीवर हात ठेवला. त्याच दिवशी त्यांनी घरात सांगून टाकलं की या घरात यापुढं मोटार येणार नाही आणि धाकट्यानं स्टिअरिंगला हात लावायचा नाही. धाकटा म्हणजे तुकाराम.

रिटायर झाल्यावर मी चाकांचं दुकान टाकलं. पंक्चर, बॅलन्सिंग, आणि गाड्यांना ॲल्युमिनियमची चाकं येऊ लागली तशी त्यांची खरूज. लोणी सोडून दुकान बेल्ह्याला, बोरीच्या इतकं जवळ का टाकलं, ते मला विचारू नका. बेल्ह्याला जनावरांचा बाजार. व्यापाऱ्यांच्या गाड्या शेणामुतात उभ्या राहतात, खताच्या गोण्या वाहतात, आणि चाकांना तीच पांढरी भुकटी धरते.

तुकाराम बाजाराला यायचा तो दुसऱ्याच्या टेम्पोत, मागं, जनावरांच्या शेजारी उभा. टेम्पोवाले चेष्टा करायचे. "तुका, पुढं बस की राव. का बाप मारंल?" तो हसून सोडून द्यायचा. मग माझ्या दुकानात येऊन बसायचा, चहा घ्यायचा. दरवर्षी कांदा निघाला की पहिली गोणी माझ्याकडे. "तात्यांनी दिलीया. तुमी दादाला घरी आनलं." मी गोणी घ्यायचो. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. तो कांदा आमच्या घरात वर्षानुवर्षं शिजला आणि मी तो खाल्ला.

एका बाजाराला एक व्यापारी आपल्या जीपची चाकं टाकून गेला. आतून बाहेरून सगळं रंगवा म्हणाला. मी हबची बाजू पेपरनं झाकत होतो. तुकाराम चहा पीत बघत होता. तो म्हणाला, "भाऊ, आतून कोन बगतंय? मारा की सगळीकडं."

मी त्याला सांगायला लागलो. क्लासमध्ये सांगायचो तसं. रंग मऊ असतो. चिरडतो. नट ढिला पडतो. पन्नासेक किलोमीटरवर थांबून परत कसायचे. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण हात थांबले आणि तोंड थांबलं नाही.

"बबननं पाना मागितला होता," मी म्हणालो. "मी दिला नाही."

मग सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. कप खाली ठेवला.

"हे मला नका सांगू," तो म्हणाला. "तात्यांना सांगा. आत्ताच."

मी मोटारसायकल काढली. तो मागं बसला.

तात्या थकले होते. गोठ्यापुढं बाजेवर बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं. रंग, पेटी, सेटवरचं बोलणं, पालथं ठेवलेलं चाक, 'वेग जास्त होता'. संपल्यावर त्यांनी विचारलं,

"पाना मागितला व्हता त्यानं?"

"हो, तात्या."

"सोताहून?"

"स्वतःहून. मग सेटवरही विचारलं, थांबू का म्हणून."

त्यांनी तुकारामकडे बघितलं. "म्हंजी पोरगं शानं व्हतं."

मग म्हणाले, "इतकी वर्सं मी त्याला शिव्या दिल्या. बैलाला पानी पाजताना रोज. घाई केलीस म्हनून."

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय बाजेवर ओढून घेतले.

"तुमी जावा आता."

मी आलो. त्या वर्षी कांदा आला नाही. मला बरं वाटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझा जबाब खोटा होता, असं मी वर, फौजेला, कळवलं आहे. तिकडून जे व्हायचं असेल ते होवो.

पुढच्या हंगामानंतर बाजाराच्या दिवशी एक जुनी पिकअप दुकानापुढं थांबली. तुकाराम उतरला. स्टिअरिंगच्या बाजूनं. गाडी नवीन रंगवलेली दिसत होती. तो आत आला नाही, बसला नाही.

"पाना द्या," म्हणाला.

मी दिला. त्यानं चारी चाकांचे नट स्वतः एकेक करून बघितले. नटांवरचा रंग उडाला. पाना फडक्यानं पुसला, माझ्या हातात दिला आणि गेला.

तेव्हापासून दर बाजाराला तो येतो. पाना मागतो, नट बघतो, पाना परत देतो. मला भाऊ म्हणत नाही. पिकअप लांबून दिसली की मी पाना काढून हातात धरून उभा राहतो.

तात्यांना या लिखाणाबद्दल तुकारामामार्फत विचारलं होतं. त्यांचा निरोप एवढाच आला, लिहायचं तर नाव पुरं लिहा.

सिपाही बबन सखाराम वाळुंज. बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर. गाडी सावकाश चालवायचा. त्या सकाळीही सावकाशच चालवत होता.