कठड्यातली वाट

दूरवर कुठे ट्रकचा हॉर्न जरा लांबला, की आई तिकडे कान द्यायची. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, शेजारणीशी बोलता बोलता तिचं लक्ष उडायचं आणि डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहायचं: नवा महामार्ग, भरधाव गाड्या, आणि त्यांच्यासमोर हातात लाल फडकं घेऊन उभा असलेला आपला मुलगा. लहान असताना रस्ता ओलांडायचा म्हटलं की हा तिचं बोट घट्ट धरून ठेवायचा. सोडायचं नाव नाही.

त्याला सगळे 'पाना' म्हणत. रांगायला लागला तेव्हापासून वडिलांचा पाना त्याच्या हातात असायचा आणि काढून घेतला की भोकाड पसरायचा. नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव उरलं फक्त शाळेच्या हजेरीत, आणि हजेरी घेणारी बाई म्हणजे त्याची आईच.

वडिलांचं टायरचं दुकान आधी गावात होतं. तेव्हा महामार्ग गावाच्या पोटातून जायचा. बाजारातल्या वळणावर दोन ट्रक समोरासमोर आले, की एकाला मागे घ्यावं लागे आणि सगळा बाजार त्या ड्रायव्हरला एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे वळायला सांगे. शेवटी गावाला वळसा घालून, शेतांमधून बायपास काढला. वडिलांनी दुकान तिकडे हलवायचं ठरवलं तेव्हा बाजार हसला होता.

"तिथे काय कोल्ह्यांची पंक्चरं काढणार?"

"गाडी जाईल तिथे पंक्चर जातं," एवढंच बोलून वडिलांनी सामान हातगाडीवर टाकलं.

पहिलं वर्ष मात्र माशा मारण्यात गेलं. नवाकोरा, गुळगुळीत रस्ता. टायर फुटणार कसे? मग एका पावसाळ्यात खड्डे पडले आणि घराला बरे दिवस आले. शेजारी वेल्डर आला, चहावाला आला, बॅटरीवाला आला, पुढे एक लॉजही झालं. संध्याकाळी ट्रकांची रांग लागायची. पाना शाळेतून थेट दुकानात. फुगवलेली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघताना त्याचा चेहरा जसा व्हायचा, तसा तो वर्गात आईला कधी दिसला नाही. कॉलेजचा विषय तिने काढला, तेव्हा म्हणाला, "तिथे हवा भरायला शिकवतात का?" वडील हसले. तिला हसू आलं नाही.

मग गावच बायपासकडे सरकत आलं. आधी प्लॉट पडले, मग दवाखाना, मग शाळा. शाळा आली म्हणून गतिरोधक आले, गतिरोधकांनी भागेना म्हणून सिग्नल बसला. गावाबाहेरचा रस्ता बघता बघता गावात आला आणि ट्रक पुन्हा कोंडले. आणखी लांबून नवा रस्ता काढायचं ठरलं.

"बायपासला बायपास," वेल्डर म्हणाला. "डॉक्टर लोकसुद्धा इतक्यांदा करत नाहीत."

नवा रस्ता उंच भरावावरून गेला, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा लावून. तो सुरू झाला तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले होते. पडल्या पडल्या हॉर्नवरून गाडी ओळखायची त्यांना सवय. त्या दिवशी ते सारखे विचारत होते, "आज काही बंद आहे का?" कुणी काही सांगितलं नाही. त्याच महिन्यात ते गेले. रस्ता हलला हे त्यांना कळलं होतं की नाही, हे आईला आजही सांगता येत नाही.

रांगेतली शटरं एकेक करून खाली आली. पाना आणि वेल्डर राहिले. गंमत अशी की लांब वळण्याआधी एका ठिकाणी नवा रस्ता पानाच्या दुकानाच्या अगदी डोक्यावरून जायचा. वर ट्रकचा टायर बसला, की ड्रायव्हर कठड्याला रेलून खाली बघायचा, खालून पाना वर बघायचा, आणि मधे उतरायला वाट नाही. एक दिवस वेल्डरने गॅस कटर वर नेला आणि कठड्याचा तुकडा कापून काढला. भरावावरून मुरूम टाकून दोघांनी उतार केला. गाड्या उतरू लागल्या.

उतरणं सोपं होतं. अडचण परत चढताना यायची. भरलेला ट्रक मुंगीच्या पावलांनी चढून एकदम भरधाव रस्त्यात शिरणार, मागून येणाऱ्याला तो दिसणार कसा? म्हणून पाना वर जाऊन लाल फडकं हलवत उभा राहायचा आणि ट्रक मार्गी लागेपर्यंत गाड्या अडवून धरायचा. त्याच्या मते हे कामातच धरलेलं होतं.

आई डबा घेऊन गेली होती तेव्हा तिने हे पहिल्यांदा पाहिलं.

"कुठे उभा होतास रे?"

"वर. गाडी रस्त्याला लावून दिली."

"रस्त्यात?"

"कडेच्या लेनमध्ये गं. माणूस दिसला की ब्रेक लागतोच."

"आणि नाही लागला तर?"

"तर टायर बदलायला माझ्याकडेच येतील."

वेल्डर खो खो हसला. आईचा चेहरा पाहिला आणि हसू गिळून टाकलं.

"पुढच्या पेट्रोल पंपावर जागा मिळते का बघ," ती म्हणाली.

"तिथे नोकर होऊन राहू? हे बाबांचं दुकान आहे."

"बाबांनी उचलून आणलं होतं ना इथे?"

"त्यांना नव्या रस्त्यावर जागा मिळाली, आई. मला कुठे मिळतेय? वर नुसता कठडा आहे."

डबा त्याच्या हातात देऊन ती घराकडे वळली.

मग एवढ्या उकाड्यात तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरू लागला. तिने वेल्डरला गाठलं. आधी त्याने इकडचं तिकडचं सांगून पाहिलं.

"बाई, माझं नाव सांगू नका. गाडीचा आरसा लागला त्याला. कोपर सोलवटलंय. वीतभर इकडे असती तर..."

"तुम्ही तो कठडा परत जोडून टाका."

"जोडीन की. पण उद्या तो कापायला सांगणार आणि मी कापणार. माझीही चूल त्याच भोकावर पेटते, बाई."

"आणि रस्त्याच्या कार्यालयात कळवलं तर?"

वेल्डरने हातातलं काम खाली ठेवलं. "ते येऊन कठडा बसवतील, खाली चर खणतील. दुकान संपलं. आणि कुणी कळवलं ते त्याला विचारावं लागणार नाही."

आज दुपारी तिने मुलाशी शेवटचं बोलून पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. "धुक्याचे दिवस येतील आता. तुझं फडकं कुणाला दिसणार?"

त्याने खरंच विचार केला. तेवढ्यापुरती तिला आशा वाटली.

"टॉर्च घेईन," तो म्हणाला आणि जेवू लागला. प्रश्न मिटल्यासारखा.

तो गेल्यावर ती बराच वेळ त्याच्या उष्ट्या ताटासमोर बसून राहिली. दुकान बंद झालं तर तो काय करेल, हे तिला चांगलं ठाऊक होतं. काहीच करणार नाही. भिंतीकडे बघत बसेल. त्याच्या हातांना दुसरं काही येत नाही आणि शिकायचं वय गेलं असं तो स्वतःच म्हणतो. तिच्याशी बोलणार नाही, एक महिना, एक वर्ष, कोण जाणे. वाढलेलं मुकाट्याने जेवेल आणि उठेल. पण जेवायला घरात असेल.

कार्यालयाचा नंबर तिने शेजारच्या निवृत्त ओव्हरसियरकडून मागून घेतला. कशाला हवा म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हणाली, "एक ठिकाण दाखवायचंय त्यांना."

घरी येऊन तिने दार लोटलं. नाव न सांगताही कळवता आलं असतं. तसे फोन लोक करतातच. पण मुलगा समोर येऊन विचारेल तेव्हा खोटं बोलायची तिची तयारी नव्हती. पलीकडून कुणी उचललं, की आधी आपलं नाव सांगायचं, मग त्याचं आणि आपलं नातं, आणि मग ती जागा, असं ठरवून तिने फोन हातात घेतला.