चीफ कोणाला करायचं

अकोल्यात एमडी करताना आमच्या विभागात एक ठरलेली पद्धत होती. तिसऱ्या वर्षातल्या एकाला चीफ रेसिडेंट करायचे. बाकीच्यांच्या ड्यूट्या त्याने लावायच्या, रजा त्याने द्यायच्या, मोठ्या राऊंडला साऱ्या वॉर्डाची माहिती त्याने सांगायची. आणि मुलींपैकी जी हुशार असेल तिच्याकडे निरोपसमारंभ. माझ्या वर्षी मी हुशार निघाले, म्हणून कचोरी किती मागवायची ते मी ठरवले. "मुलींना घरचंही बघावं लागतं," असे आमचे सर अगदी मायेने म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता, म्हणूनच भांडता आले नाही. तो राग मी पुढे वीस वर्षे जपला, आणि संधी मिळेल तिथे भाषणातून ऐकवलासुद्धा.

आता अमरावतीत एका मेडिकल कॉलेजात मी मेडिसिन विभागाची प्रमुख आहे. गेल्या वर्षी चीफ निवडायची वेळ आली तेव्हा नाव उघडच होते. मोझरीकडच्या शेतकरी घरातली मुलगी, हाताखालच्या पोरांना न ओरडता कामाला लावणारी. नातेवाइकांचा घोळका तावातावाने वॉर्डात शिरला, की सिस्टर आधी तिला शोधत. राजापेठेत भाड्याने राहायची, स्कूटीवरून यायची. तिचे बाळ आठ महिन्यांचे होते.

मीटिंगला मी आणि विभागातले दोन प्राध्यापक, असे आम्ही तिघे होतो. दोन्ही सर एका सुरात म्हणाले, तिलाच करा. मीच म्हटले, "अहो, तिचं लेकरू लहान आहे. यंदा तिला मोकळं राहू द्या." त्या दोघांनी माना डोलावल्या. बाईनेच सांगितल्यावर ते काय बोलणार? तिच्याबरोबरच्या एका मुलाचे नाव लिहून मी कागदावर सही केली, आणि कुणाचे तरी भले केल्याच्या समाधानात डबा खाल्ला.

कागद सोमवारी बोर्डावर लागायचा होता, पण आमच्या क्लार्कच्या पोटात काही राहत नाही. शनिवारी दुपारी ओपीडी संपल्यावर ही मुलगी माझ्या खोलीत आली आणि तिने दार लोटून घेतले. एरवी माझ्याशी अगदी पुस्तकी मराठी बोलणारी मुलगी, पण त्या दिवशी तिची भाषा घरची झाली होती.

"मॅडम, सर लोकायले जरा समजावून सांगा ना. त्यायले वाटते, लेकरू आहे म्हणजे हिले जमणार नाही. माही सासू गावावरून येऊन राहिली आहे, फक्त याच्यासाठी. मी तिले चार महिन्यापासून सांगून ठेवलं होतं. तुमी बोलल्या तं ते ऐकतीन. तुमाले तं माहीत आहे हे कसं राहते."

माहीत होते. तिचा माझ्यावरचा तो भरवसा मला बघवेना. सरांवर ढकलून मोकळे होणे सोपे होते, आणि खरे सांगते, ते वाक्य माझ्या ओठांवर आलेही होते. इतकी लाज मला अख्ख्या नोकरीत वाटली नव्हती.

"सर दोघंही तुझ्याच बाजूनं होते," मी म्हटले. "नको, असं मी म्हटलं."

"तुमी?"

"हो. तुझं बाळ लहान म्हणून."

"मंग मले विचारलं काहून नाही?"

ती आता रडेल असे वाटले, रडली नाही.

"मंग तं सोपं झालं मॅडम," ती म्हणाली. "सर लोकायले समजवायचं काम नाही. तुमालेच समजवायचं आहे."

आणि ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मी तो सही केलेला कागद फाईलमधून बाहेर काढला आणि पहिल्यांदाच तिला विचारले, तुला काय पाहिजे.