जांभई देणारा खडक

"अहो, तो खडक जांभई देतोय!"

आमची मंडळी भर तळ्यात, होडीत उभी राहून ओरडत होती. मी अत्यंत शांतपणे म्हणालो, "खाली बस. खडक जांभई देत नसतात."

(त्या दिवशी मी शांतपणे बोललेलं हे शेवटचं वाक्य.)

आता आम्हा नवरा-बायकोसारखे नागावचे दोन म्हातारे आफ्रिकेतल्या तळ्यात काय करत होते, हे सांगायला हवं. रेवदंड्याच्या बंदरावर मी उभा जन्म कारकुनी केली. भरती-ओहोटीचं गणित असं तोंडपाठ, की समुद्र मला विचारून वर येतो असं मी गावात सांगत असे. (समुद्राने कधी नाही म्हटलं नाही.) पेन्शनीत निघालो आणि आम्ही दोघांनी फिरण्याचा सपाटाच लावला. महाबळेश्वरला मी घोड्यावरून पडलो; काशीला गंगेच्या पायरीवर पडलो, त्याचं निदान पुण्य तरी लागलं. मग आमचा थोरला वसंता, तो नैरोबीला रेल्वेत, त्याने बोलावलं. झालं! निघालो बोटीने! जन्म बंदरावर काढलेला मी मुंबई ते मोंबासा आडवा होतो आणि ही डेकवर उभी राहून खलाशांना चकल्या वाटत होती. पण ते असो.

एका रविवारी वसंताने आम्हाला मोटारीतून एका मोठ्या तळ्यावर नेलं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, कडेला पुरुषभर उंच लव्हाळं, आणि काठावर भाड्याच्या होड्या. माझे हात शिवशिवले.

"अण्णा, नावाडी बरोबर घ्या," वसंता म्हणाला.

"नावाडी? मला? अरे, रेवदंड्याचा माणूस आहे मी!"

"तुम्ही बंदरावर होता अण्णा, पाण्यात नव्हता. बरं, निदान त्या लव्हाळ्याकडे जाऊ नका, तिकडे..."

तिकडे काय, ते मी ऐकलं नाही. होडी हाकारणारा माणूस काठावरच्यांचं ऐकत बसत नाही. मी ऐटीत वल्ही मारली आणि थेट लव्हाळ्याकडे गेलो. तिथे होडीचं नाक जे गाळात रुतलं, ते मागे येईना की पुढे जाईना!

"आता हो?" ही म्हणाली. "उतरून ढकला."

"ढकलायचं कशाला? आज तिथी कुठली?"

"अष्टमी."

"तिथीची पाऊणपट ही भरतीची वेळ; आठाचे पाऊणपट सहा. सहाला पूर्ण भरती. म्हणजे आता दुपारी पाणी चढायलाच लागलं असेल. अष्टमीचं भांगाचं पाणी, त्याला जोर कमी, एवढंच. बस निवांत. चकली काढ."

"अहो, पण हे तळं आहे!"

"चंद्र एकच आहे ना? का आफ्रिकेला निराळा दिलाय?"

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. (होतं. पण तोंडात चकली होती.)

तेवढ्यात समोर पाण्यातून एक काळा, गुळगुळीत खडक वर आला. मी खूश! "बघ! खडक उघडा पडतोय. म्हणजे अजून थोडी ओहोटी शिल्लक आहे."

थोड्या वेळाने खडक पाण्याखाली गेला. मी मांडीवर थाप मारली. "लागली भरती! बुडाला की नाही?"

"मग तो डावीकडे दुसरा कसा वर आला?"

"तो उंच खडक असेल."

"अहो, त्याला कान आहेत."

"कान कसले? कालवं आहेत ती. आपल्याकडे खडकांना नसतात का चिकटलेली?"

"कालवं हलवतोय तो!"

आणि मग त्या खडकाने जांभई दिली. काय ती जांभई! आमची होडी, आम्ही दोघं आणि उरलेल्या चकल्या अशा सगळ्यांची आत सोय झाली असती. पाणघोडा मी तोवर फक्त वसंताच्या लहानपणच्या चित्रांच्या पुस्तकात पाहिला होता, आणि त्यात तो पाठमोरा होता!

"अण्णाऽऽ, हलू नका!" काठावरून वसंता ओरडला. मी हललो नाही. हलण्यासारखं माझ्यात काही उरलंच नव्हतं. आणखी एक खडक वर आला. "अण्णाऽऽ, आता हला!" तरी मी हललो नाही. उलट होडीचा तोल सांभाळण्यासाठी तळाशी पालथा पडलो आणि रामरक्षा सुरू केली. ती मध्येच कुठेतरी पसायदानात शिरली.

हिने मात्र कासोटा खोचला, एक वल्हं गाळात रोवलं आणि साऱ्या जोराने रेटा दिला. होडी तसूभरही हलेना!

"अहो, रेटा द्या की!"

"मी वजन सांभाळतोय!"

"तेच तर जास्त झालंय!"

इतक्यात होडीखालचा गाळच उसळला! तिथे म्हणे चौथा झोपला होता. आमच्या भांडणाने त्याची झोपमोड झाली असावी. तो जो फुसकारत निघाला, त्याच्या पाठीमागे पाण्याचा असा लोंढा उठला की होडी वीतभर वर उचलली गेली आणि लव्हाळ्याबाहेर फेकली गेली. मी तळातून ओरडलो, "आली! भरती आली!"

 दोन्ही वल्ही हाती घेऊन हिने होडी अशी हाणली की अर्धी काठावरच चढली. वसंता आईच्या गळ्यात पडून रडला. मला कुणीतरी तळातून खरवडून काढलं.

नागावला परतल्यावर आमच्या ओटीवर ही हकिकत ऐकायला ही गर्दी! तोपर्यंत पाणघोडे चाराचे चाळीस झाले होते, आणि वल्ही माझ्या हातात आली होती. भरती येताच मी होडी कशी सोडवली ते मी उभं राहून करून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त रेवदंड्याचा पांडू तांडेल, जन्मभर दर्यावर गेलेला माणूस, मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला. मग तो उंबऱ्यात नारळ खवणाऱ्या हिच्याकडे वळला.

"वयनी, तल्यान खरंच भरती आलती?"

हिने खवणीवरून मानही वर केली नाही.

"आली ना," ती म्हणाली. "चार पायांची होती."